सहीवर थांबू नका: महिला संघाने प्रौढ बायकांचा अक्षरवर्ग कसा चालवावा

आमच्या चर्चच्या महिला संघाने पहिला वर्ग घेतला तेव्हा आम्ही बायकांना सही शिकवली. ८ सप्टेंबरला, साक्षरता दिनी, अकरा जणींनी फळ्यावर आपापली सही केली. टाळ्या झाल्या, फोटो झाले, पाळकसाहेबांनी रविवारी भक्तीनंतर आमचं नाव घेतलं. पुढे दिवाळीच्या सुमारास त्यांच्यातल्या एका मावशींनी गटकर्जाच्या कागदावर सही केली. कर्ज दुसरीचं होतं, मावशी जामीनदार झाल्या होत्या आणि त्यांना ते माहीतच नव्हतं. अंगठा लावायच्या तेव्हा कागद कुणीतरी वाचून दाखवायचं. सही आली म्हटल्यावर कुणी वाचलं नाही.

सही येते पण वाचता येत नाही, ती बाई अंगठा लावणाऱ्या बाईपेक्षा जास्त अडचणीत असते. हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यानंतर आम्ही वर्ग मुळापासून बदलला. तुमच्या मंडळीचा महिला संघ असं काही सुरू करायच्या विचारात असेल, तर आमची ठेच तुम्हाला लागू नये म्हणून हे लिहिते आहे.

आमचं गाव नगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या शेवगाव तालुक्यात आहे. चर्चपासून दहा मिनिटांवर वस्ती आहे. तिथली बरीच घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. बाकीच्या बायका कापूस वेचतात, खुरपायला जातात. तुमच्याकडे मच्छीमार बायका असतील, धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या असतील, त्याप्रमाणे तपशील बदला.

हे काम आपल्याला नवं नाही. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि १८३९ मध्ये नगरला येऊन त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं. आमच्या आज्यांपैकी कितीतरी जणी लग्नानंतर, कडेवर पोर घेऊन, बायबलवुमनकडून, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल शिकवणाऱ्या मिशनच्या बाईकडून, वाचायला शिकल्या. माझी आजी त्यातलीच. तरीही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या स्त्रियांची साक्षरता ७६ टक्क्यांच्या आसपासच होती. म्हणजे चौघींत जवळजवळ एक बाई अजून बाहेरच होती.

१. आधी संघात ठराव करा

उत्साहात थेट वस्तीवर जाऊ नका. महिला सभेत विषय मांडा, चर्चा करा आणि इतिवृत्तात ठराव लिहून घ्या: वर्ग किती दिवस चालेल, कोण शिकवेल, खर्च कुठून येईल. मग पाळकसाहेब आणि पास्टरेट कमिटीला, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीला, कळवा. ठराव नसेल तर नाताळची तयारी सुरू झाली की वर्ग बंद पडतो, कारण सगळ्या जणी गाण्याच्या सरावाला आणि फराळाला लागतात. आम्ही ठरावातच लिहिलं होतं की डिसेंबरमध्ये वर्ग घेणाऱ्या दोघींना दुसरं काम द्यायचं नाही.

मुदत खरी सांगा. ‘तीन महिन्यांत वाचायला शिकवतो’ असं बोलू नका. पूर्वीच्या साक्षरता मोहिमेत तीन वाचनपुस्तिकांसाठी मिळून २०० तास धरलेले असत. आठवड्यातून चार दिवस, रोज दीड तास, असं धरलं तरी ते तेहतीस-चौतीस आठवडे होतात. बाई आजारी पडणार, लग्नाला जाणार, तिच्या शेतात पाणी सोडायची पाळी येणार. वर्ष धरून चला.

शिकवणाऱ्या दोघी आणि पोरं सांभाळणारी एक, अशा तिघी आठ-दहा बायकांना पुरतात. निवृत्त शिक्षिका संघात असतील तर त्यांचा मोठा आधार होतो. फक्त त्यांच्याशी एक गोष्ट आधीच बोलून घ्या: लाल पेन वापरायचा नाही आणि सगळ्यांसमोर चूक काढायची नाही. पन्नाशीची बाई एकदा खजील झाली की परत येत नाही.

२. वर्ग वेगळा, उपासना वेगळी

या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही. वर्गात प्रार्थना नाही, गीत नाही, पत्रकं नाहीत, ‘रविवारी या’ असं आमंत्रण नाही. शिकवायला जाण्याआधी आम्ही आमच्या घरी प्रार्थना करून निघतो. वस्तीवरच्या बहुतेक बायका ख्रिस्ती नाहीत. त्या विश्वासाने पाटी घेऊन बसतात, त्या विश्वासाला दुसरा हेतू चिकटवणं हे पाप आहे असं मी मानते. शिवाय गावात एकदा शंका आली की बायकांची घरातूनच अडवणूक होते आणि वर्ग संपतो.

म्हणून जागाही चर्चची घेऊ नका. अंगणवाडी, समाजमंदिर, कुणाचा तरी मोठा ओटा चालतो. अंगणवाडी हवी असेल तर सेविकाताईंशी आधी बोला आणि ग्रामपंचायतीला लेखी अर्ज देऊन पोच घ्या. कुणी विचारलं तर दाखवायला कागद हवा.

मंडळीतल्या एखाद्या आजींना बायबल किंवा ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक वाचायला शिकायचं असेल तर जरूर शिकवा, पण त्यांच्या घरी, वेगळ्या वेळी.

३. वेळ आणि हंगाम

आमचा वर्ग रात्री आठ ते साडेनऊ असतो. भाकरी झाल्या, जेवणं झाली की बायका येतात. दुपारची वेळ सोयीची वाटते, पण दुपारी बाई रानात असते. दिवा आधी बघून ठेवा, कारण पावसाळ्यात वीज हमखास जाते. आम्ही चार्जिंगचे दोन दिवे घेतले.

ऊसतोडीच्या घरांसाठी वर्ग जूनमध्ये सुरू करा आणि दसऱ्यापर्यंत पहिला टप्पा पुरा करा. आम्ही पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये सुरुवात केली आणि हाती दोन महिने आले. चौदा जणींची यादी होती, दिवाळीनंतर पाच उरल्या. आम्हाला वाटलं बायकांना गोडी नाही. त्या गाडीत बसून गेल्या होत्या, एवढंच होतं.

४. बायका जमवणं

घरोघरी जा, पण एकदाच जाऊन होत नाही. पहिल्या फेरीत प्रत्येकीचं उत्तर ठरलेलं असतं: ‘आता या वयात काय शिकायचं?’ त्यावर भाषण करू नका. विचारा की काय वाचता आलं तर बरं वाटेल. आमच्या यादीत ही उत्तरं आली: एसटीची पाटी, नातवाच्या औषधाची बाटली, रेशनची पावती, ऊसतोडीच्या मुकादमाचा हिशेब, लग्नपत्रिका, फोनमध्ये आलेलं नाव. ही यादी जपून ठेवा. तुमचा अभ्यासक्रम तिच्यातूनच निघणार आहे.

सुनेला बोलवायचं असेल तर आधी सासूला बोलवा. सासू वर्गात आली की सुनेचा रस्ता मोकळा होतो. मात्र दोघींना शेजारी बसवू नका. सून भराभर शिकते, सासूला ते दिसतं आणि घरी त्याचे पडसाद उमटतात. आम्ही दोन टोकांना बसवतो.

‘निरक्षर’, ‘अडाणी’ हे शब्द बोलण्यात येऊच देऊ नका, वहीतल्या हजेरीवरसुद्धा नको. आमच्याकडे हजेरीवर ‘वर्गातल्या बायका’ असं लिहिलेलं आहे. मावशी, आक्का, आजी, जिचं जे नातं तसं बोलवा. आणि ‘अहो-जाहो’ सोडू नका, वयाने लहान असली तरी.

५. पाटीआधी डोळे

हे मला कुणी सांगितलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं. बाईला स्वतःला ते कळत नाही, कारण तिने आयुष्यात बारीक काही वाचलेलंच नसतं. सुईत दोरा ओवता येत नाही इतकंच ती सांगते. वर्गात ती अक्षर ओळखत नाही, आम्ही समजतो तिच्या डोक्यात शिरत नाही, आणि ती समजते आपल्याला जमणार नाही. आमच्या एक आक्का तीन महिने ‘ब’ आणि ‘व’ यांच्यात अडकल्या होत्या. ‘ब’च्या पोटातली रेघ त्यांना दिसतच नव्हती. चष्मा लागला आणि आठवड्यात प्रश्न सुटला.

म्हणून पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासायला न्या. संघाचा पहिला खर्च चष्म्यांवर करा, पाट्या मागून आणा.

६. काय काय लागेल

साहित्य थोडं लागतं: पाट्या आणि पेन्सिली, एक मोठा फळा, खडू, जाड अक्षरांच्या चिठ्ठ्यांसाठी पुठ्ठा आणि मार्कर, सतरंजी, दिवा. वही दुसऱ्या महिन्यात. पाटी लहान मुलांची वाटते म्हणून काही जणी नाक मुरडतात, पण पाटीवरची चूक हाताने पुसली की गेली. वहीतली चूक बाई रोज उघडून बघते.

वस्तीतूनच गोळा करायचं साहित्य याहून मोलाचं आहे: जुन्या लग्नपत्रिका, वीजबिलं, औषधांची रिकामी खोकी, बचत गटाचं पासबुक, बँकेच्या कोऱ्या स्लिपा, बियाण्याच्या पिशव्या. लग्नपत्रिका तर अक्षरशः खजिना आहे. टपोरा छाप, ओळखीची नावं, ओळखीची गावं, आणि प्रत्येक घरात दहा-वीस तरी असतात.

कागदपत्रं: महिला संघाच्या ठरावाची प्रत, जागेच्या अर्जाची पोच, हजेरीवही, खर्चाची वही आणि सरकारच्या ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमात नोंदणीसाठी प्रत्येकीच्या ओळखपत्रावरचे तपशील (त्याबद्दल पुढे). आधार कार्डाच्या झेरॉक्स वर्गात जमा करून ठेवू नका. लागेल तेव्हा बाईने स्वतः न्यावी. तिच्या कागदांचा गठ्ठा दुसऱ्याच्या घरी असणं बरं नाही, मग ते घर आपलं का असेना.

७. अक्षरं कुठून सुरू करायची

अ, आ, इ, ई पासून सुरू करू नका. बाराखडी घोकायला महिना जातो आणि हाती एक शब्द लागत नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकीला तिच्या नावाची पट्टी द्या. मोठ्या अक्षरात, आधार कार्डावर आहे तसंच नाव. बाई ‘मंदा’ म्हणून हाक ऐकते आणि कार्डावर ‘मंदाकिनी’ असतं, हे त्याच दिवशी उघड होतं. नाव तिने चित्रासारखं ओळखलं तरी चालेल.

मग सहा अक्षरं घ्या: न, ग, र, घ, ब, स. काना-मात्रा काही नाही. एवढ्यातच घर, बस, रस, नगर हे शब्द होतात. ‘बघ’ जोडलं की वाक्य तयार: घर बघ, बस बघ, नगर बघ. आमच्याकडे आठवड्याच्या आत बायकांनी स्टँडवर उभ्या एसटीच्या पाटीवर ‘नगर’ वाचलं. त्या रात्री वर्ग वेळेआधी भरला होता.

दुसऱ्या आठवड्यात काना: बाग, राग, घास, बारा, सासर. ‘सासर’ शब्दावर आमचा वर्ग तासभर रेंगाळला, कारण प्रत्येकीला काहीतरी सांगायचं होतं. रेंगाळू द्या. नंतर म, क, ल, ळ, त, व, प घ्या: काम, गाव, नाव, मका, मळा, ताक, नळ.

रफार मात्र पाठ्यपुस्तकात येतो त्याच्या खूप आधी शिकवा. तो जोडाक्षरांत येतो म्हणून शेवटी ठेवतात. पण बाईच्या आयुष्यातले जड शब्द बघा: कर्ज, अर्ज, खर्च, कार्ड, वर्ष. सगळ्यांच्या डोक्यावर रफार आहे. आम्ही तो तिसऱ्या महिन्यात घेतो. ‘कर्ज’ हा शब्द कागदावर दिसला की हात थांबला पाहिजे, असं आम्ही सरळ सांगतो. ‘जामीनदार’ हा शब्दही आम्ही वेगळा शिकवतो. कुठल्याच वाचनपुस्तिकेत तो आमच्या पाहण्यात नाही, तरी शिकवतो.

छापील अर्जांवरची छोटी रूपंही लक्षात ठेवून घ्या: रु., दि., क्र., ता., जि. बाई सगळं नीट वाचत येते आणि ‘क्र.’पाशी अडते.

हाताचं म्हणाल तर, कोयता आणि खुरपं धरलेल्या बोटांत पेन्सिल टिकत नाही. इतकी दाबतात की मोडते. पहिले चार-पाच दिवस नुसत्या रेघा, गोल, अर्धगोल काढू द्या. गोधडीचा धावदोरा जसा जातो तशी शिरोरेषा ओढायची, असं एका आजींनीच दुसरीला समजावलं. आमच्या समजावण्यापेक्षा ते चटकन पोचलं.

८. आकडे

तोंडी हिशेबात या बायका तुमच्या-माझ्यापेक्षा पक्क्या असतात. सव्वा, दीड, पाऊण, अडीच, सगळं बोटांवर. त्यांना बेरीज शिकवायला बसू नका, लिहायला शिकवा.

गोंधळ दोन ठिकाणी होतो. पहिला, मराठी आणि इंग्रजी आकड्यांचा. मराठी ४ हा इंग्रजी आठासारखा दिसतो, मराठी ५ इंग्रजी चारासारखा, आणि मराठी १ इंग्रजी नवासारखा. फोनवर इंग्रजी आकडे, वाचनपुस्तिकेत मराठी. दोन्ही एकदम शिकवले की बाई चुकीच्या माणसाला फोन लावते. आम्ही आधी फोनवरचे आकडे पक्के करतो, दोन आठवडे जाऊ देतो, मग मराठी. दुसरा गोंधळ शून्याचा. ‘एकशे पाच’ लिहायला सांगितलं की १००५ येतं, कारण ऐकू तसंच येतं: आधी शंभर, मग पाच. नोटा आणि नाणी मांडून शतक, दशक, एकक समजावा. फळ्यावर हे समजत नाही, सतरंजीवर समजतं.

९. सही कधी

ओळीने दोन-तीन वाक्यं बाई स्वतः वाचू लागली की. त्याआधी नाही.

सही आल्यावरही बँकेत लगेच करू नका. आमच्या वर्गातल्या एकीने पैसे काढायच्या स्लिपवर हौसेने सही केली. खात्यावर नोंद अंगठ्याची होती, पैसे मिळाले नाहीत, आणि खिडकीवर चार शब्द ऐकून ती रडत घरी आली. खात्यावरची अंगठ्याची नोंद बदलून सहीची करायची तर शाखेत स्वतः जाऊन अर्ज द्यावा लागतो, सोबत पासबुक, ओळखपत्र आणि फोटो न्या. पहिल्यांदा आपल्यातली एक जण बरोबर जावी. आणि सही ठरवली की तीच ठेवायची, रोज वेगळं वळण नको. महिनाभर रोज दहा वेळा, एकाच मापाच्या चौकटीत, असा सराव करून घ्या.

एक गोष्ट वर्गात पुन्हा पुन्हा म्हणवून घ्या: ‘थांबा, मी वाचते.’ समोरचा घाईत असला तरी. आम्ही एकीला कर्जाची वसुलीवाली करतो, दुसरी कागद हातात घेऊन सावकाश वाचते. हे नाटक बायका फार मनापासून करतात.

१०. ‘उल्लास’मध्ये नोंदणी

केंद्र सरकारचा ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. १५ वर्षांवरच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या कुणाचीही नोंद त्यात होते. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांना भेटा. बायकांची नोंद शिकणाऱ्या म्हणून आणि तुमची स्वयंसेवक म्हणून ‘उल्लास’ ॲपवर होते. मानधन मिळत नाही, हे संघात आधीच स्पष्ट सांगा. शेवटी १५० गुणांची चाचणी असते: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं.

नोंदणी पहिल्याच महिन्यात करा. वर्ष शिकवलं आणि नाव यादीत नाही, असं झालं तर चाचणीला बसता येत नाही. दुसरी अडचण ऊसतोडीच्या वस्त्यांची आहे. राज्यातली पहिली चाचणी १७ मार्च २०२४ ला झाली, आणि मार्चमध्ये आमच्या निम्म्या बायका उसाच्या फडात असतात. जूनमध्येच शाळेत विचारून ठेवा की पुढची चाचणी कधी आहे. गावात राहणाऱ्या बायकांना जरूर बसवा. बाकीच्यांसमोर प्रमाणपत्राचं आमिष ठेवू नका, त्यांच्यासाठी वर्गाचं फळ वेगळं आहे.

११. हंगामाला जाताना पिशवीत काय द्यायचं

आमचा पहिला टप्पा दसऱ्याच्या आधी संपतो. शेवटच्या पंधरा दिवसांत आम्ही फक्त हिशेबाचे शब्द घेतो: उचल (आगाऊ घेतलेले पैसे), खेप, टन, वजन, तारीख, पंधरवडा, बाकी. जाताना प्रत्येकीला दोनशे पानी छोटी वही आणि दोन पेन देतो. पहिल्या पानावर ती स्वतः लिहिते: मुकादमाकडून घेतलेली उचल किती आणि कोणत्या तारखेला. पुढे रोज एक ओळ: तारीख, खेपा, वजनाच्या पावतीवरचा आकडा. पावती दिसली तर तिचाही नंबर.

सगळ्या जणी लिहीत नाहीत. दिवसभर मोळ्या वाहून आल्यावर, पहाटे पुन्हा उठायचं असताना, वही उघडणं सोपं नाही. कुणाच्या वहीत आठ दिवस असतात, कुणाच्या महिना. जितकं लिहिलं तितकं घेऊन एप्रिलमध्ये वर्ग पुन्हा भरतो आणि पहिला आठवडा आम्ही फक्त त्या वह्या वाचतो.

गेल्या एप्रिलमध्ये एका मावशींची वही जवळजवळ पूर्ण होती. अक्षर वाकडं, पण तारखा एकापाठोपाठ एक. हिशेबाच्या दिवशी मुकादमाच्या कागदात तीन खेपा कमी निघाल्या. त्याने वही बघायला मागितली. मावशींनी ती हातातून सोडली नाही. उभ्या राहून त्यांनी त्या तीन ओळी वाचून दाखवल्या.